रात्री साडेअकराचा वर्ग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या घरगुती व्याख्यानमालेतील भाषण. बोलताना वेळेअभावी राहिलेले काही मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



अध्यक्ष काकांनी माझी ओळख करून देताना ‘परदेशी विद्यापीठाच्या पदवीधर’ असं म्हटलं, तेव्हा मलाच मागे वळून बघावंसं वाटलं. रोजचं चाकण सोडलं, तर गेल्या अडीच वर्षांत मी कात्रजच्या पुढेसुद्धा फारशी गेलेले नाही. पदवी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची आहे हे खरं, पण ती घेतली ती ए-विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पोळपाट उचलायचा आणि लॅपटॉप ठेवायचा.

मला विषय दिला होता ‘घरबसल्या उच्च शिक्षण’. मी मात्र एकाच शिक्षणाबद्दल बोलणार आहे. मी आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापनात ऑनलाइन एम.एस्सी. केलं, तेवढंच मला ठाऊक आहे.

मी वीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात आहे. नाव घेत नाही. लागले तेव्हा माझ्या टेबलावर ‘कल्याण अधिकारी’ अशी पाटी होती. 1948च्या कारखाने कायद्यात तसं कलमच होतं, पाचशे किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी नेमावा लागायचा. कँटीन, पाळणाघर, पीएफ, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे सगळं माझ्याकडे. पुढे पाटीवर ‘एचआर’ आलं. मग आमची कंपनी एका जर्मन समूहाने घेतली आणि पाटीच गेली, कारण टेबलंच गेली. आता कुणीही कुठेही बसायचं.

पुण्याला हे नवीन नाही. आपल्या मुंढव्याच्या भारत फोर्जने 2004 साली जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाऊस ही कंपनी घेतली. त्याच वर्षी टाटा मोटर्सने कोरियातला देवूचा ट्रकचा कारखाना घेतला आणि 2008 साली फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर. उलट्या बाजूने 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. म्हणजे पुण्यातला माणूस एकीकडे मालक होऊन बाहेर जातो आणि दुसरीकडे बाहेरच्या मालकाकडे कामाला असतो. या दोन्ही ठिकाणी माणसांना कसं नेमायचं, पाठवायचं, पगार कसा द्यायचा, भांडण झालं तर कुठला कायदा लावायचा, या सगळ्याचा जो अभ्यास, तो हा विषय.

मी तिकडे वळले त्याला एक निमित्त झालं. ते सांगायचं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. सांगते.

आमच्या कारखान्यातला एक मुलगा, टूलरूममधला, हुशार, त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरलं. त्याची सगळी कागदपत्रं मी केली. व्हिसा, विमा, तिकिटं. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा जो करार 1 मे 2017पासून लागू आहे, त्यात पीएफ कार्यालयाकडून एक दाखला घेतला की माणसाला दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही. तो दाखलासुद्धा मी वेळेत आणला. फाइल अशी झाली होती की ऑडिटरने कौतुक केलं. सात महिन्यांत तो मुलगा परत आला.

कंपनीच्या नोंदीत कारण लिहिलं ‘कामगिरी अपेक्षेप्रमाणे नाही’. खरं कारण मला त्याच्या आईकडून कळलं, तेही स्वारगेटच्या स्टँडवर, ती साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होती म्हणून. सून इथे एका शाळेत शिक्षिका होती. नोकरी सोडून, दीड वर्षाचं बाळ घेऊन तिकडे गेली. गाव लहान, भाषा येत नाही, नवरा सकाळी सहाला बाहेर. नोव्हेंबरात चार वाजताच अंधार. तिला काम करायची परवानगी व्हिसावर होती, पण भाषेशिवाय शाळेत कोण घेणार? ती बोलेनाशी झाली. जेवेनाशी झाली. मुलाने घाबरून परत यायचं ठरवलं. इथे आल्यावर त्याची बढती गेली ती गेलीच.

आई मला दोष देत नव्हती. ‘मॅडम, तुम्ही किती केलंत’, असंच म्हणत होती. आणि माझ्या डोक्यात एवढंच, की त्या चाळीस-पंचेचाळीस कागदांच्या फाइलमध्ये त्या मुलीचं नाव तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी ‘अवलंबित’ या रकान्यात. मी तिच्याशी एकदाही बोलले नव्हते. फोनवरसुद्धा नाही. कल्याण अधिकारी मी!

त्यानंतर काही दिवसांनी आमच्याकडे प्रादेशिक पातळीवरची एक जागा निघाली. मी अर्ज केला. ‘आंतरराष्ट्रीय अनुभव नाही’ म्हणून तो मागे आला. राग आला, नाही म्हणत नाही. तर या दोन गोष्टींमुळे, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सप्टेंबर 2022मध्ये मी नाव घातलं.

आता प्रवेशाबद्दल थोडं, कारण गेल्या महिन्याभरात लिफ्टमध्ये मला पाच जणांनी तेच विचारलंय.

आपल्या पुण्याला दूरशिक्षणाचं वावडं कधीच नव्हतं. सिंबायोसिसचं दूरशिक्षण केंद्र 2001पासून आहे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी तिथून एचआरचा डिप्लोमा केला, पुस्तकांचे गठ्ठे घरी यायचे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर 1989चं. गंमत बघा, सिंबायोसिसच मुळी परदेशी विद्यार्थ्यांमुळे निघालं. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी वसतिगृहात कावीळ झालेल्या मॉरिशसच्या मुलाला खिडकीतून जेवण दिलं जाताना पाहिलं आणि परक्या देशात एकटं पडलेल्या मुलांसाठी 1971मध्ये ती संस्था काढली. मी हे पूर्वीही ऐकलं होतं. पण त्या साताऱ्याच्या गाडीनंतर ते वेगळंच ऐकू आलं.

आज भारतातल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घ्यायची असेल, तर एक गोष्ट पक्की करा. त्या विद्यापीठाला, त्या विषयासाठी, त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे ना? तिन्ही. असेल तर ती पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, 2020च्या नियमांत तसं आहे. 2024पासून प्रवेश घेणाऱ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो यूजीसीच्या संकेतस्थळावर आपण स्वतः काढायचा, फोन करणाऱ्या एजंटला काढू द्यायचा नाही. ‘आजच फी भरा, उद्या सवलत संपते’ असं जो म्हणतो, त्याला ‘परवा फोन कर’ म्हणून सांगावं. सवलत परवाही असते.

परदेशी विद्यापीठाचं गणित वेगळं. ती पदवी कंपन्या मानतात. पण इथे सरकारी नोकरी किंवा पुढे पीएच.डी. करायची असेल, तर समकक्षतेचा प्रश्न येतो, आणि ऑनलाइन पदवीच्या बाबतीत तो जास्तच अडतो. पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. मला दोन्ही करायचं नव्हतं म्हणून मी तो धोका घेतला. आणि स्पष्टच सांगते, ज्यांना एचआरमध्ये नोकरी लागण्यापुरती पदवी हवी आहे त्यांनी हा खर्च करू नये. इथलं चांगल्या विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए पुरेसं आहे. मी हप्त्याहप्त्याने फी भरली आणि त्या अडीच वर्षांत आमच्या घराचा रंग राहिला तो राहिलाच, तुम्ही बघताच आहात.

वेळेचं म्हणाल, तर तिकडच्या मास्टर्सला 180 क्रेडिट असतात, त्यातले साधारण 60 प्रबंधाचे. एक क्रेडिट म्हणजे दहा तास अभ्यास. झाले अठराशे तास. अडीच वर्षांत वाटले की आठवड्याला जवळजवळ चौदा. नोकरी, जाण्यायेण्याचे रोजचे साडेतीन तास आणि सासूबाईंची पथ्यं सांभाळून हे चौदा तास कुठून काढायचे? रात्रीतून.

तिकडच्या प्राध्यापकांना वाटायचं की संध्याकाळी सहाची वेळ सगळ्यांच्या सोयीची. त्यांची सहा म्हणजे हिवाळ्यात आपली रात्रीची साडेअकरा. मार्चच्या शेवटी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, ते मला पहिल्या वर्षी माहीतच नव्हतं. मी नेहमीप्रमाणे साडेअकराला, केस विंचरून, चहा घेऊन बसले, तर तिकडे सगळे एकमेकांचा निरोप घेत होते.

आणि आपलं स्वारगेट! माइक बंद ठेवायला विसरलं की नायजेरियातल्या, पोलंडमधल्या वर्गमित्रांना आपल्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू जायचे. एकाने विचारलं, तुमच्याकडे कसला उत्सव चालू आहे का? म्हटलं, नाही, मंगळवार आहे. भुयारी मेट्रोचं काम चालू होतं तोवर तो आवाज वेगळाच. 29 सप्टेंबर 2024ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी सुरू झाली, तेव्हा माझा प्रबंध चालू होता. पिंपरीपर्यंत बसून वाचता येऊ लागलं, हा माझ्या दृष्टीने मेट्रोचा सगळ्यात मोठा फायदा.

पहिल्या निबंधात मी नापास झाले. पास व्हायला पन्नास लागतात, मला त्रेचाळीस. वीस वर्षांचा अनुभव, आणि त्रेचाळीस. घरात कुणाला सांगितलं नाही, दोन दिवस भांडी जरा जोरात घासली. शेरा असा होता, की मी सगळं बरोबर लिहिलंय पण माझं म्हणणं काय ते कुठेच नाही. आपल्याला लहानपणापासून सवय, पुस्तकात आहे ते नीट अक्षरात उतरवलं की मार्क. तिकडे पुस्तकातलं लिहून झालं, की मग ते का पटत नाही तेही लिहायचं. आणि पटलं तर का पटलं. वयाने मोठ्या, नावाजलेल्या माणसाला ‘तुमचं इथे चुकतंय’ असं लिहिताना माझा हात खरंच थांबायचा.

तो थांबतो का, त्यालाही त्या अभ्यासात नाव आहे! खेर्ट हॉफस्टेड नावाच्या डच अभ्यासकाने आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखाच्या वर प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि 1980 साली त्यावर पुस्तक काढलं. वरच्या माणसाचं वरचेपण लोक किती मुकाट्याने मान्य करतात, त्याचा एक आकडा त्याने काढला. भारताचा 77, जर्मनीचा 35. आमच्या कारखान्यात जर्मन साहेब विचारतो, कुणाला काही अडचण? सगळे म्हणतात, नो सर. तो समाधानाने जातो आणि मग सगळे माझ्याकडे येतात. तो आकडा वाचल्यावर मी हसलेच. पण दुसऱ्या निबंधात मी हॉफस्टेडवर टीकाही केली. एका कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव कसा सांगता? आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला हा माणूस आला असता, तर त्याला 77 हा आकडा पुन्हा मोजावा लागला असता. सभेचं इंग्रजीत लिहिलं, आणि त्या निबंधाला अडुसष्ट मिळाले.

कायद्याचा भाग मला सगळ्यात आवडला. जर्मनीत पाच माणसांच्या आस्थापनेतसुद्धा कामगारांना आपलं मंडळ निवडता येतं, आणि कामाच्या वेळा वगैरे बऱ्याच गोष्टी त्या मंडळाला विचारल्याशिवाय ठरत नाहीत. दोन हजारांच्या वर माणसं असलेल्या मोठ्या कंपन्यांत तर 1976च्या कायद्याने देखरेख मंडळावर निम्मे प्रतिनिधी कामगारांचे. आपल्याकडे 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असले की वर्क्स कमिटी होतीच. मी तिची सचिव होते. चहा चांगला असायचा. म्हणजे तीच कंपनी तिच्या देशात जे कामगारांना विचारून करते, ते इथे आल्यावर नोटीस बोर्डवर लावते. अभ्यास नसता, तर ही गोष्ट वीस वर्षं समोर असून मला दिसली नसती.

आता त्या मुलीकडे येते.

माणूस परदेशी का टिकत नाही, यावर रोझली टंग नावाच्या बाईंचं 1982चं काम आहे. त्यांनी अमेरिकन, युरोपीय आणि जपानी कंपन्यांना विचारलं. अमेरिकन कंपन्यांनी पहिलं कारण काय दिलं असेल? कामात कमी पडला, हे नाही. पत्नीला तिथे जमलं नाही, हे. जपान्यांची उत्तरं वेगळी होती, ते असो. मी ते पान रात्री एक वाजता वाचलं आणि लॅपटॉप मिटला. माझा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी विचारून झालेला होता. उत्तरही आलेलं होतं. आमच्या फाइलमध्ये त्याचा रकाना नव्हता, एवढंच.

म्हणून प्रबंधाचा विषय मी तोच घेतला, नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी गेलेल्या पुण्याकडच्या बायका. आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी, मग प्रत्येकीची लेखी संमती, मग मुलाखत. काही आपल्या सोसायटीच्याच लेकीसुना आहेत, नावं अर्थातच सांगणार नाही. अमेरिकेत एच-फोर व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसलेल्या इंजिनिअर मुली, ज्यांच्यातल्या काहींनाच 2015नंतर कामाची परवानगी मिळू लागली. आखातातल्या. युरोपातल्या. त्यांच्याशी बोलताना मला वाटलं होतं त्या एकटेपणाबद्दल सांगतील. ते सांगितलंच. पण बहुतेकींची खंत निघाली ती निघण्याआधीच्या दिवसांची. सगळं ठरलं होतं, सगळे अभिनंदन करत होते, आणि ‘तुला काय वाटतं’ हे विचारायला कुणाला सुचलंच नाही. एक म्हणाली, मला सामानाच्या यादीत काय हवं ते मात्र पंधरा जणांनी विचारलं.

टूलरूममधल्या मुलाच्या बायकोकडे मी मुलाखतीला गेले नाही. ते बरोबर झालं नसतं, मी त्याच कंपनीची माणूस. मी तिच्याकडे गेले ती प्रबंध झाल्यावर, तिळगूळ घेऊन. ती आता दुसऱ्या शाळेत आहे. माफी मागायचं ठरवून गेले होते, शब्द पाठ केले होते. तिने पोहे केले, तिच्या मुलाने मला त्याची चित्रं दाखवली आणि मी ते शब्द जिन्यात, निघताना, कसेबसे म्हटले. ती म्हणाली, ‘अहो मॅडम, तुम्हाला तरी कुठे कुणी विचारलं होतं?’ मला यावर अजून काही बोलता आलेलं नाही.

पदवी मिळाली. ती प्रादेशिक जागा मला मिळाली नाही, ती तोपर्यंत भरली गेली होती. मात्र आमच्याकडे बाहेर पाठवण्याच्या फाइलमध्ये दोन पानं वाढली आहेत. निघण्याच्या तीन महिने आधी नवरा-बायको दोघांशी वेगवेगळं बोलायचं, आणि भाषेचा वर्ग दोघांना लावायचा, कंपनीच्या खर्चाने. खर्चाची सही मिळवायला मला टंगबाईंचा फार उपयोग झाला. सात महिन्यांत परत येणाऱ्या माणसाचा खर्च किती, ते आकड्यात मांडलं की साहेबलोकांना लगेच पटतं. गेल्या वर्षी एका जोडप्याने त्या बोलण्यानंतर जायचं नाही असं ठरवलं. माझे वरिष्ठ नाराज झाले. मी ते जोडपं माझ्या यशात धरते.

शेवटी एक आपल्या घरचा मुद्दा, समिती समोर बसली आहे म्हणून. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या एका परीक्षेच्या रात्री आपल्या गल्लीतली वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. सोसायटीच्या ऑफिसमध्ये आहे. बी-विंगच्या काकांनी, जे तेव्हा खजिनदार होते, रात्री अकरा वाजता स्वेटर घालून खाली येऊन मला ऑफिस उघडून दिलं आणि मी पेपर देईपर्यंत बाहेर वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहिले. पहाटेचे दोन वाजले. आज ते आपल्यात नाहीत. त्यांनी तेव्हा मला सांगितलं होतं, की हे ऑफिस महिन्यातून चार तास उघडतं, बाकी वेळ त्यात दिवाळीच्या माळा झोपतात.

आपल्याकडे सध्या रात्रीचा अभ्यास करणारी माझ्या माहितीत सात मुलं आहेत, दोन सीएची, एक एमपीएससीचा, बाकी ऑनलाइन शिकणारी, आणि एक-दोन माझ्यासारख्या मोठ्या बायका, ज्यांनी अजून घरी सांगितलेलं नाही. रात्री नऊ ते एक ऑफिस उघडं ठेवावं, एक टेबल, चार खुर्च्या आणि इंटरनेट असावं, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. माळांसाठी आमच्या माळ्यावर जागा आहे. किल्ली कुणाकडे ठेवायची ते सेक्रेटरींनी ठरवावं. वीजबिलातला पहिल्या वर्षाचा माझा वाटा मी आजच देऊन ठेवते, पावती मात्र हवी.